उत्स्फूर्त प्रश्नांची रंगीत तालीम

गेल्या वर्षी आमच्या केंद्रातल्या शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भर दुपारी एक आदेश येऊन पडला. प्रत्येक शिक्षकाने ‘माझे शैक्षणिक तत्त्वज्ञान’ या विषयावर दोन पानं लिहावीत आणि त्याची पीडीएफ सायंकाळी पाचच्या आत पाठवावी. विलंब झाल्यास खुलासा मागवण्यात येईल. जगभरच्या लोकांनी तत्त्वज्ञान डोंगरात बसून, दाढ्या वाढवून काढलं असेल. आम्हाला ते खिचडीची भांडी घासून होईपर्यंत काढायचं होतं. एका हुशार गुरुजींनी तासाभरात लिहून ग्रुपवर टाकलं आणि बाकीच्यांनी वर आपापलं नाव घालून पुढं ढकललं. संध्याकाळपर्यंत सगळ्या केंद्राचं तत्त्वज्ञान एक झालं होतं. ‘प्रत्येक मूल वेगळे असते’ हे त्यातलं पहिलं वाक्य, आणि ते झाडून सगळ्यांचं सारखं होतं.

मी माझं मी लिहिलं, कारण मला खोडच आहे. एवढंच लिहिलं, की मुलांना विचारावं, मग आपण गप्प बसावं आणि ती काय सांगतात ते ऐकावं. लगेच केंद्रप्रमुखांचा फोन. ‘मॅडम, दोन पानं पाहिजेत. ही दीड ओळ आहे.’ मी म्हटलं, ‘साहेब, गप्प बसावं असं लिहिल्यावर पुढं काय लिहू?’ ते हसले नाहीत. मग मीही निमूटपणे गुरुजींचंच तत्त्वज्ञान पाठवलं आणि मोकळी झाले.

मी मूळची कृष्णाकाठची, सांगली जिल्ह्यातल्या उसाच्या गावातली. बदलीत माण तालुका मिळाला तेव्हा घरच्यांनी चेहरे असे केले, की जणू मी काहीतरी गुन्हा केला होता. ‘म्हसवडकडं प्यायला पाणी तरी मिळतं का गं?’ मिळतं. कधी नळानं, कधी टँकरनं, पण मिळतं. आणि पोरं तर अशी मिळतात, की त्यांनी मला शिकवायचं शिकवलं, असं भाषणात म्हणतात तसं मी म्हणणार नाही. त्यांनी मला पळवलं, हे मात्र खरं आहे.

त्याचं असं झालं. पहिल्याच वर्षी मी मोठ्या उत्साहानं वर्गाला सांगितलं, की आपल्या वर्गाचे नियम तुम्हीच करा. मुलांनी केलेले नियम मुलं आनंदानं पाळतात, असं मी एका प्रशिक्षणात ऐकून आले होते. मला वाटलं, ‘सर्वांशी प्रेमाने वागू’ वगैरे काहीतरी येईल. पण निम्म्या पोरांचे बाप आणि चुलते पलटणीत. त्यांनी जो कायदा केला तो बघून एखादा सुभेदारसुद्धा म्हणाला असता, जरा दमानं घ्या. उशीर केला तर मैदानाला फेऱ्या, गृहपाठ नसेल तर कोंबडा, मधे बोललं तर दोन्ही. वर एकानं सुचवलं, की बाईंना उशीर झाला तर बाईंना पण फेऱ्या. ते एकमतानं मंजूर झालं. पुढच्याच आठवड्यात एसटी वाटेत बंद पडली आणि मी पदर खोचून मैदान धरलं. अर्धं गाव कुंपणाला येऊन उभं राहिलं होतं. ‘बाई, गुडघं वर घ्या,’ असं एक पोरगं अगदी गंभीरपणे सांगत होतं. पण त्या दिवसापासून पोरं माझ्याशी खरं बोलायला लागली, हेही सांगितलं पाहिजे.

आमचे मुख्याध्यापक तसे वाईट माणूस नव्हेत. त्यांना फक्त फेटा बांधून घ्यायला फार आवडतं, आणि फेटा बांधायला पाहुणे लागतात, आणि पाहुणे यायला काहीतरी दाखवायला लागतं. साताऱ्याकडच्या एका नावाजलेल्या शाळेची भेट करून ते आले, ते येताना ऑईल पेंटचे डबे घेऊनच. त्या शाळेत म्हणे मुलं रंगवलेल्या फरशीवर बसून आपलं आपण शिकत होती. झालं. आमच्या मोठ्या वर्गाची फरशी रंगली. अंकांचा साप, बाराखडीची फुलं, आणि मधोमध महाराष्ट्राचा नकाशा, त्यात सातारा जिल्हा अख्ख्या विदर्भाएवढा. रंगाऱ्याची काही चूक नव्हती. शाळा बघायला शिक्षण खात्याचे साहेब साताऱ्याहून येणार होते, म्हणून सरांनीच सांगितलं होतं, की जरा ठळक काढ.

रंग वाळला, पण साहेबांची भेट महिन्याभरानं होती. तोवर पोरांच्या पायांनी रंग उडाला तर? सरांनी वर्गाला कुलूप घातलं आणि पोरांना व्हरांड्यात बसवलं. मधल्या सुट्टीत पोरं खिडकीचे गज धरून आतला साप बघायची. ‘मूल हेच शिक्षणाच्या केंद्रस्थानी’ असं दारावर सुंदर अक्षरात लिहिलं होतं, आणि त्याच्या बरोबर खाली कडीला कुलूप. मी सरांना म्हटलं, हे जरा विचित्र दिसतंय. ते म्हणाले, ‘हो, कुलूप जुनं आहे. नवीन आणतो.’

त्या नावाजलेल्या शाळेतून सरांनी आणखी एक विद्या आणली होती. मुलाला उत्तर द्यायचं नाही, प्रश्न त्याचा त्यालाच परत करायचा. म्हणजे ते स्वतः विचार करतं. गोष्ट चांगली आहे, मीही ती करते, पण जागा बघून. सरांनी तिचा रतीब लावला. कुणी काहीही विचारलं, की मान तिरकी करून, ‘तुला काय वाटतं?’ पहिलीतल्या एका पोरानं विचारलं, ‘सर, लघवीला जाऊ का?’ सर म्हणाले, ‘तुला काय वाटतं?’ त्याला काय वाटत होतं ते थोड्याच वेळात सगळ्या व्हरांड्याला कळलं.

याच व्हरांड्यात माझ्या चौथीत एक मेंढपाळाची मुलगी बसायची. आई-बाप दिवाळी झाली की मेंढरं घेऊन उसाच्या मुलखात उतरायचे, ते पावसाच्या तोंडावर परत यायचे. तोवर ही आत्याकडं राहायची आणि शाळेत यायची. वाचायला लागल्यापासून ती पुस्तकाशी भांडायची. एका धड्यात लांडगा मेंढीशी गोड बोलतो, तर ही म्हणाली, ‘बाई, लांडगा आधी बोलत बसला तर त्याला मेंढी घावंल व्हय?’ अशी मुलगी वर्गात असली की बाईला रोज तयारी करून यावं लागतं. मला ती फार आवडायची.

एक दिवस तिचा बाप शाळेत आला. खांद्यावर घोंगडं, हातात काठी. पोरांच्या पलीकडं उभा राहून म्हणाला, ‘बाई, औंदा दिवाळी झाली की पोरीला संगं नेतो.’

‘अहो दादा, मग शाळेचं काय?’

त्यानं दाराकडं बोट केलं. ‘शाळा हाय कुठं? कुलूप हाय की.’

पण मी गप्प बसणारी नव्हे. कळपामागं गेलेल्या मुली मी आधी बघितल्या होत्या. पटावर नाव राहतं, मुलगी राहत नाही. पुढं कधीतरी बाजारात भेटते ती कडेवर पोर घेऊन, आणि ‘बाई, वळखलं का?’ म्हणून लाजते. हिचं तसं झालेलं मला नको होतं. मी त्या माणसाशी तास-अर्धा तास हुज्जत घातली. शेवटी तो म्हणाला, ‘बरं, शाळा उघडी आसंल तवा सांगा, बगाया येतो. मग ठरवू.’ मी म्हटलं, साहेब यायचे त्या दिवशी या. शाळा उघडायची तारीख मला ती एकच माहीत होती.

मग तालीम सुरू झाली. मुलांनी साहेबांना उत्स्फूर्तपणे प्रश्न विचारायचे, असा कार्यक्रम होता. सरांनी ते उत्स्फूर्त प्रश्न चिठ्ठ्यांवर लिहून वाटले. एकाला ‘आकाश निळे का दिसते?’, एकीला ‘पक्षी झोपेत पडत कसे नाहीत?’ मेंढपाळाच्या मुलीला दिला ‘मेंढीला लोकर का असते?’, कारण प्रश्न परिसराशी निगडित असावा असं वरून आलं होतं. रोज खिचडीनंतर तालीम. ‘उत्स्फूर्त म्हणजे न अडखळता,’ सर समजावून सांगायचे. निळ्या आकाशवाल्यानं विचारलं, की मला ह्याचं उत्तर कळलं तर सांगू का? सर म्हणाले, ‘उत्तर अजिबात सांगायचं नाही. वेळ कमी आहे.’

भेटीच्या दिवशी कुलूप निघालं. साहेब आले, त्यांच्यामागून दुसऱ्या तालुक्यांतले शिक्षक जीपा भरून आले. लेझीम झालं, फेटे झाले, आमच्या सरांनाही एक बांधला गेला आणि त्यांचा चेहरा उजळला. पोरांनी चपला बाहेर काढल्या, पाहुणे बुटांसकट बाराखडीच्या फुलांवरनं चालत जाऊन खुर्च्यांवर बसले. साहेब स्वतः नागपूरवर उभे होते. मेंढपाळ खिडकीपाशी बाहेर थांबला होता. सर आधी त्याला हाकलायला निघाले, मग काहीतरी सुचून त्याचा फोटो काढला. पालकांचा सहभाग दाखवायला तसा फोटो लागतो.

पहिला प्रश्न निळ्या आकाशाचा. साहेबांनाही ती विद्या येत होती. त्यांनी मान तिरकी केली. ‘अरे वा! तुला काय वाटतं?’

‘मला कायच वाटत न्हाई,’ पोरगं म्हणालं. ‘सरांनी दिलाय.’

‘ग्रामीण भागातला निरागसपणा,’ सर घाईनं म्हणाले आणि सगळे हसले. मग मेंढपाळाच्या मुलीचा नंबर आला. ती उभी राहिली आणि गप्पच. सर भिंतीपाशी उभं राहून ओठांनी ‘लोकर, लोकर’ करत होते. तिनं खिडकीकडं एकदा बघितलं आणि म्हणाली, ‘दिवाळी झाल्यावर मी आबासंगं मेंढरामागं जाऊ का हितं ऱ्हाऊ?’

सरांचा ओठ लोकरीवरच थांबला. साहेबांच्या मात्र काही लक्षात आलं नाही. ‘फार छान प्रश्न! तुला काय वाटतं?’

हे वाक्य मी त्या महिन्यात इतक्या वेळा ऐकलं होतं, की ते ऐकलं तरी माझं डोकं उठायचं. पण त्या मुलीला कुणी आजवर हे विचारलंच नव्हतं. बापानं नाही आणि मीही नाही. तिच्यावरून आम्ही दोघं भांडलो होतो तेवढं. तिनं प्रश्न खराच धरला. ती म्हणाली, ‘मला जायचंय. आई तिकडं हाय, बारका भाव हाय. आत्याकडं मला करमत न्हाई, लय रडू येतं. पर शाळा बी पायजे. दोनी पायजे.’

‘क्या बात है!’ साहेबांनी टाळ्या वाजवल्या. ‘याला म्हणतात अभिव्यक्ती.’ सगळ्या वर्गानं टाळ्या वाजवल्या, मोबाईल वर झाले, आणि साहेब पुढच्या मुलीकडं वळले. ती पक्ष्यांच्या झोपेचं विचारायला लागली. टाळ्या वाजवल्या नाहीत त्या मी आणि खिडकीतल्या माणसानं. त्याचं मला माहीत नाही, पण मला राग आला होता, आणि खरं सांगायचं तर त्या पोरीचाच आला होता. मी तिच्यासाठी एवढी भांडले आणि ही सगळ्यांसमोर म्हणते, जायचंय.

जीपा गेल्यावर तो माणूस माझ्यापाशी आला. ‘बाई, ऐकलं न्हवं?’

‘ऐकलं.’

‘दोनी पायजे म्हणती.’

‘दादा, तसं होत नसतं.’

‘का बरं?’

मग मी त्याला शिक्षण हमी कार्डाचं सांगितलं. स्थलांतर करणाऱ्या मुलांना ते देतात. ते दाखवलं की जिथं जाल तिथल्या शाळेनं मुलाला बसवून घ्यायचं असतं. असतं, असं म्हणायचं. कार्ड लिहिलं, सरांनी न बघता सही केली, कारण ते फोटो निवडत होते. बापानं ते घडी करून बंडीच्या आतल्या खिशात घातलं. मनात म्हटलं, चार दिवसांत हे चुलीत जाणार. दिवाळी झाली आणि ती मुलगी मेंढरांमागं गेली. वर्ग आता उघडा असायचा. सापाच्या शेपटीवर तिची बसायची जागा होती, तिथं मी काही दिवस कुणाला बसू दिलं नाही, मग दिलं.

नवं वर्ष लागलं आणि एक दिवस सर धावतच माझ्या वर्गात आले. पुण्याहून मोठे साहेब मंगळवारी येणार होते. आमच्या साताऱ्याच्या साहेबांनी त्या मुलीचा व्हिडिओ जिथं तिथं दाखवला होता, ‘बोलकी मुलं’ म्हणून. त्यात ‘शाळा बी पायजे, दोनी पायजे’ एवढंच ठेवून मागचं रडण्याचं कापलं होतं. आता पुण्याच्या साहेबांना ती मुलगी प्रत्यक्ष बघायची होती. सर म्हणाले, ‘मॅडम, तुम्ही शनिवारी रजा टाकून माहेरी चाललायच. मेंढरं तिकडंच आहेत म्हणे. एका दिवसासाठी आणा. नवीन गणवेश शिवून ठेवतो.’ मी हो म्हटलं, ते साहेबांसाठी नव्हे. त्या कार्डाचं काय झालं ते मला बघायचं होतं.

शोधायला फार लागलं नाही. माझ्या गावाच्या शेजारच्याच गावात तोडलेल्या उसाच्या फडात मेंढरं बसली होती. कडेला मुक्कामाचं पाल, बांधलेलं घोडं, डालग्याखाली कोकरं. मुलीची आई भाकरी थापत होती. शनिवार होता, सकाळची वेळ. मी म्हटलं, पोरगी कुठाय?

‘साळंला,’ बाप म्हणाला. ‘आज सकाळची आसती न्हवं.’

मी बांधावर बसले आणि त्यानं सगळं सांगितलं. पूर्वी मुक्कामाआधी रान बघायचा, पाणी बघायचा; आता शाळा कुठं आहे तेही बघतो. एका चांगल्या रानाला शाळा लांब पडत होती म्हणून त्यानं ते सोडलं, तर पाव्हण्यांनी येड्यात काढलं. एका गावात गुरुजी म्हणाले, वरून पत्र आणा, असं कुणालाही बसवता येत नाही. ‘मग म्हटलं, बरं, बसतो. मी बसलो, मेंढरं बी बसली पटांगणात. दुपारपतूर घेतली पोरगी.’

‘एवढं कशाला करता दादा?’ मी विचारलं. मला खरंच कळत नव्हतं.

त्यानं माझ्याकडं असं बघितलं, की जणू मीच जरा कमी ऐकते. ‘तिनं सांगितलं न्हवं का, सगळ्यांच्या म्होरं?’

तेवढ्यात ती आली. दप्तर टाकलं, मला बघून लाजली आणि मग सुरूच झाली. एका शाळेत बाईंनी तिला दाराजवळ वेगळं बसवलं होतं, मेंढरांचा वास येतो म्हणून. ते तिनं आजचा भात बरा झालाय म्हणावं तितक्या सहज सांगितलं. माझ्या मात्र अंगाचा तिळपापड झाला. इथली शाळा चांगली होती. ‘हितं बाई म्होरं म्हणत्यात आन् आमी मागनं म्हणतो. पाढं, कविता, समदं. लय भारी वाटतं.’

‘आणि आपल्या शाळेत?’

‘तितं तुमी सारखं इचारत ऱ्हाता,’ ती म्हणाली.

हे ऐकून मला मुळीच बरं वाटलं नाही. मी विषय बदलला आणि मंगळवारचं सांगितलं. पुण्याचे साहेब, गाडी, नवा गणवेश. ती सगळं ऐकून घेत होती. मग म्हणाली, ‘मंगळवारी न्हाई जमायचं बाई. मंगळवारचा परिपाठ माझ्याकडं दिलाय. सगळ्या शाळंम्होरं. पयल्यांदाच दिलाय.’ मी बापाकडं बघितलं. तो कोकराला पाजत होता. ‘मी काय सांगू?’ तो म्हणाला. ‘ती सांगती की.’

मी बांधावरनंच सरांना फोन लावला. म्हटलं, मुलगी भेटली, शाळेत जाते, चांगली शिकतेय. सर म्हणाले, ते असू दे, किती वाजता घेऊन येताय? मी म्हटलं, ‘ती येत नाही म्हणते.’

‘कोण म्हणतं?’

‘ती स्वतः. मी विचारलं तिला.’

सर जरा चढ्या आवाजात म्हणाले, ‘अहो मॅडम, लहान पोर आहे ती, तिला काय कळतंय? तिला कशाला विचारत बसलात? बापाला सांगा आणि गाडीत घालून आणा.’

मी फोन बंद केला आणि तिथूनच मंगळवारची किरकोळ रजा टाकली. मला त्या परिपाठाला जायचं होतं.